शोकेस उतरवताना

राजारामपुरी, सातवी गल्ली.
चौगुल्यांच्या हॉलमध्ये मी उभा,
पटाशी, पहार, आणि खिशात सवयीनं पेन्सिल.

इंटिरियरवाला पोरगा टॅबवरून वाचतो
घरात काय काय नको:
सनमायकाचं शोकेस नको.
छताला पीओपीचा सूर्य नको,
सूर्याच्या पोटातला निळा दिवा तर नकोच.
भिंतभर परदेशी धबधबा नको.
राधानगरी इथून दीड तास,
पण तेव्हा पाणीसुद्धा इम्पोर्टेड लागायचं.
दाराला शिंपल्यांचा पडदा, टीव्हीला झालर,
फ्रिजच्या हँडलला स्वेटर...
'आणि प्लास्टिकची फुलं,' तो म्हणतो, 'अजिबात.
हे सगळं आऊट झालंय, मिस्त्री.'

मी मान हलवतो.
त्याला कुठं ठाऊक,
ह्या गल्लीत ते इन करणारा मीच.

शहाण्णव साल. हिंदुरावांच्या फौंड्रीला
पंपांच्या बॉडीची मोठी ऑर्डर लागली
आणि त्यांनी मला उद्यमनगरातून
स्कूटरवर उचलून आणलं.
'निवास, खर्चाचं बघू नको.
पाहुणा चप्पल काढतानाच गप झाला पाहिजे.'
लक्ष्मीपुरीतून कॅटलॉग आणला.
दस्तगीरनं कडांना पॉलिश मारलं, तीन हात.
काच सरकवली तेव्हा
आतला ताजमहाल, दिव्यासकट,
जरा हलल्यासारखा वाटला.
पुढच्या वर्षी आठवी गल्ली. मग नववी.

आज स्क्रू सुटत नाहीत.
गंजलेत म्हणून नव्हे,
त्या वयात मी सगळंच घट्ट पिळायचो.

शोकेस पुढं ओढलं
तर मागं भिंत पिस्ता रंगाची,
एकदाही ऊन न लागलेली.
तिच्यावर माझी पेन्सिल:
प्लायवूडवाल्याचा सहा आकडी नंबर,
चहाच्या अकरा उभ्या रेघा,
दस्तगीरनं काढलेलं माझं तोंड, कानावर बिडी.
तो आता सांगलीत लेकीकडं असतो,
कपबशी धरतानाही हात थरथरतो त्याचा.
आणि खाली हिशेब:
७ × ९ = ६२

बासष्ट!

तेव्हाच तर एक फूट शीट कमी पडलं होतं.
रात्री दुकान बंद, सकाळी वास्तुशांत.
कुणाच्या तरी किचनचा उरलेला तुकडा
मी खालच्या कोपऱ्यात डकवला,
सागवानीच्या शेजारी शिसवी,
आणि दस्तगीरला म्हटलं, कोण बघतंय.

'मी बघितलो होतो की,'
हौसाकाकी आतल्या दारातून म्हणाल्या.
'वास्तुशांतीदिवशीच.
म्हणून तर तिथं फुलदाणी ठेवलो.
रंग उडाला फुलांचा, धुतलो, परत ठेवलो.
तुम्ही दसऱ्याला सोनं द्यायला यायचा
आणि तुमची नजर नेमकी तिथंच जायची.'

मी पहारीकडं बघत राहिलो.
पहारीत बघण्यासारखं काही नसतं.

पोरगा मात्र भिंतीवर खूश.
'ही अशीच ठेवू. रॉ लूक.
वर फक्त काच मारू. हिशेबबिशेब चालतंय सध्या.'

मी पेन्सिल काढली.
दोनाच्या पोटाखाली एक वळसा दिला.
त्रेसष्ट.
'मिस्त्री!' तो ओरडला,
'हात नका लावू, ओरिजिनल आहे ते!'

फुलं मी मागून घेतली.
टेम्पोत पहारीशेजारी,
पिशवीतून तोंडं बाहेर काढून
रंकाळ्याच्या वळणापर्यंत ती डोलत आली.

घरी ही म्हणाली,
आता हे आणि कुठं ठेवायचं?

थांब म्हटलं,
आधी माप घेतो.